जपान कोणाकडून काय शिकला?

शैक्षणिक मेळाव्यांत आणि गुणवंतांच्या सत्कार समारंभांत आपल्याकडे जपानचे उदाहरण हमखास दिले जाते. अणुबॉम्बने बेचिराख झालेला देश वीस वर्षांत उभा राहिला, मग आपला समाज का नाही, असा वक्त्याचा सवाल असतो. टाळ्या पडतात. अशी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यातली गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. १९४५ साली जपानची शहरे जळाली होती, पण वाचता-लिहिता येणारी माणसे, कारखाने चालवण्याचा पाऊणशे वर्षांचा अनुभव आणि कारभाराची घडी शिल्लक होती. ती कुठून आली, हे भाषणात कुणी सांगत नाही. आणि इतका शिकलेला देश त्या राखेपर्यंत पोहोचलाच कसा, हेही कुणी विचारत नाही.

मला हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे वाटतात. पहिल्याचे उत्तर आपल्याला हवेसे वाटणारे आहे, दुसऱ्याचे अडचणीचे. दोन्ही शोधायची तर जपानचा इतिहास १९४५ पासून नव्हे, अगदी मुळापासून पाहावा लागतो.

मातीची भांडी, भात आणि थडगी

जपानच्या इतिहासाचा पहिला मोठा कालखंड म्हणजे जोमोन. साधारण सोळा हजार वर्षांपूर्वी सुरू झालेला हा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकापर्यंत चालला. लोक शिकार करत, मासे पकडत, रानातली फळे-कंद गोळा करत. तरी ते घरे बांधून वस्ती करून राहत आणि मातीची भांडी भाजत. ही भांडी जगातल्या सर्वांत जुन्या भांड्यांपैकी आहेत. १८७७ साली एडवर्ड मोर्स या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने टोकियोजवळ ओमोरी येथे शिंपल्यांचा ढिगारा उकरला. त्यातल्या भांड्यांवर दोरीचे ठसे होते. 'जोमोन' म्हणजे दोरीची नक्षी. म्हणजे जपानच्या सर्वांत जुन्या काळाला नाव मिळाले तेही एका परदेशी माणसाच्या उत्खननातून.

त्यानंतरचा काळ यायोई. कोरियन द्वीपकल्पातून माणसे आली आणि त्यांच्याबरोबर पाण्यातली भातशेती, कांसे आणि लोखंड आले. भातशेती आली की पाणी वाटायला नियम लागतात, धान्य साठते, साठ्यावरून भांडणे होतात आणि मुखिया तयार होतो. इसवी सन २३९ च्या सुमारास हिमिको नावाच्या राणीने चीनच्या वेई दरबारात आपले दूत पाठवले. आपल्याला नावाने ठाऊक असलेली जपानची ही पहिली राज्यकर्ती. पण तिचे नाव जपानी ग्रंथात नाही, चिनी ग्रंथात आहे. कारण जपानकडे तेव्हा लिपीच नव्हती.

तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून राजांची प्रचंड थडगी बांधली जाऊ लागली. त्यांना कोफुन म्हणतात आणि त्या काळालाही तेच नाव आहे. साकाई शहरातले दाइसेन कोफुन सुमारे अर्धा किलोमीटर लांब आहे. वरून पाहिले तर त्याचा आकार जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखा दिसतो. याच काळात यामातो घराण्याने इतर सरदारांवर वर्चस्व मिळवले. आजचे सम्राटाचे घराणे त्याच वंशातले मानले जाते. कोरियातून विणकर, लोहार, कुंभार आणि लिहिणारे कारकून येत राहिले आणि दरबारात मानाने स्थिरावले.

चीनकडून घेतले ते, आणि न घेतले ते

सहाव्या शतकाच्या मध्यात कोरियातल्या पेकचे राज्याकडून बौद्ध धर्म जपानच्या दरबारात आला. तो स्वीकारायचा की नाही यावरून दोन घराण्यांत लढाई झाली आणि स्वीकारणारे सोगा घराणे जिंकले. आसुका काळ म्हणतात तो हा. परंपरेनुसार ६०४ मध्ये राजपुत्र शोतोकु याने सतरा कलमांची राजनीती घालून दिली. ६४५ नंतर तायका सुधारणांतून जमीन, कर आणि अधिकाऱ्यांची रचना चीनच्या नमुन्यावर उभी करण्याचा प्रयत्न सुरू झाला.

७१० मध्ये नारा येथे राजधानी वसली. तिची आखणी चीनच्या चांगआन शहरावरून केली होती. ७१२ मध्ये 'कोजिकी' आणि ७२० मध्ये 'निहोन शोकी' हे इतिहासग्रंथ तयार झाले. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीच्या साथीने लाखो माणसे मेली. त्या धक्क्यानंतर सम्राट शोमू याने बुद्धाची महाकाय कांस्यमूर्ती घडवायला घेतली. ७५२ मध्ये तिचे डोळे रेखण्याचा विधी झाला, तेव्हा कुंचला हातात धरणारा भिक्षू भारतीय होता. त्याचे नाव बोधिसेन. तो ७३६ मध्ये चीनमार्गे जपानला पोहोचला होता.

भारताचा दुसरा ठसा त्याहून खोल आहे. जपानी मुले आजही आपली अक्षरे अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने शिकतात. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् लिपी आणि संस्कृतचे उच्चारशास्त्र शिकत. त्यातून हा क्रम आला. मराठी शाळेत बाराखडी घोकलेल्या माणसाला तो ऐकताच ओळखीचा वाटेल.

पण चीनकडून इतके घेताना एक गोष्ट जपानने जवळजवळ सोडून दिली. चीनमध्ये परीक्षा देऊन सामान्य घरातला हुशार मुलगा अधिकारी होण्याची वाट हळूहळू रुंद होत गेली. जपानने विद्यापीठ काढले, परीक्षाही घेतल्या, पण वरची पदे जन्मावरूनच दिली. दुसऱ्याचे घेताना आपण काय वगळतो, यावरून आपल्याला कशाची भीती वाटते ते कळते. जपानच्या सरदारांना आपली जागा जाण्याची भीती होती.

७९४ मध्ये सम्राट कान्मू याने राजधानी आजच्या क्योटो येथे हलवली. हा हेआन काळ ११८५ पर्यंत चालला. ८९४ मध्ये चीनला दूत पाठवण्याचा बेत रद्द झाला आणि तो शिरस्ता थांबला. आता घेतलेले पचवण्याची वेळ होती. दरबारातले पुरुष चिनी भाषेत लिहीत राहिले. चिनी चिन्हे सोपी करून 'काना' ही अक्षरे तयार झाली होती. स्त्रियांनी ती वापरून बोलीभाषेत लिहिले. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या दरबारी स्त्रीने 'गेंजी मोनोगातारी' ही दीर्घ कथा लिहिली. जगातल्या पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. उसन्या भाषेत लिहिणाऱ्या बहुतेक पुरुषांची नावे आज कुणाला आठवत नाहीत.

सम्राट कान्मूविषयी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, ती पुढे लागणार आहे. त्याची आई पेकचेहून आलेल्या कोरियन घराण्यातली होती. २००१ मध्ये तेव्हाचे सम्राट अकिहितो यांनी वाढदिवसाच्या पत्रकार परिषदेत या नात्याचा उघड उल्लेख केला होता.

तलवारीचे राज्य

क्योटोतले फुजिवारा घराणे आपल्या मुली सम्राटांना देऊन आणि नातवांच्या नावाने राज्य करून दिवस काढत होते. तोवर प्रांतांत जमिनी सांभाळणारे हत्यारबंद लोक बळावले. हेच सामुराई. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सागरी लढाईत मिनामोतो घराण्याने तायरा घराण्याचा नाश केला. ११९२ मध्ये मिनामोतो योरितोमो शोगुन, म्हणजे सेनापती झाला. राजधानीपासून दूर कामाकुरा येथे त्याने आपले लष्करी शासन मांडले. सम्राट राहिला, पण नावापुरता. छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात ही रचना ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. फरक इतकाच की जपानमध्ये ती पावणेसातशे वर्षे टिकली.

१२७४ आणि १२८१ मध्ये कुबलाई खानाच्या मंगोल आरमाराने चढाई केली. सामुराई लढले, आणि दुसऱ्या स्वारीत वादळाने आरमाराचा चुराडा केला. त्या वाऱ्याला 'कामिकाझे', देवाचा वारा, असे नाव पडले. आपल्या देशाला देवाचे खास संरक्षण आहे ही समजूत तेव्हापासून मुरली. साडेसहाशे वर्षांनी तिचा फार महागडा उपयोग होणार होता.

१३३६ पासून मुरोमाची शोगुन आले. झेन मठ, चहाचा विधी, नो नाट्य यांचा हा काळ. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात क्योटो जळाले आणि पुढची शंभर वर्षे प्रत्येक प्रांताचा सरदार दुसऱ्याच्या उरावर बसला. हा सेंगोकु, म्हणजे लढणाऱ्या राज्यांचा काळ.

याच धामधुमीत १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी तानेगाशिमा बेटावर पोहोचले. तिथल्या तरुण सरदाराने त्यांच्याकडून दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला नक्कल करायला सांगितले. काही वर्षांतच साकाई आणि कुनितोमो येथे बंदुकांचे कारखाने उभे राहिले. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदूकवाल्यांनी घोडदळ मोडून काढले.

बंदुकीमागून धर्म आला, आणि तो गोव्याहून आला. आंजिरो नावाचा एक जपानी माणूस खून करून पळाला होता. तो मलाक्कामार्गे गोव्याला पोहोचला आणि १५४८ मध्ये तिथे ख्रिस्ती झाला. त्यालाच दुभाषा करून सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये ज्यांचे शव आहे, तेच हे झेवियर. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत सुमारे तीन लाख जपानी ख्रिस्ती झाले असावेत, असा अंदाज आहे.

बंद दार आणि एक खिडकी

नोबुनागानंतर हिदेयोशीने देश एकत्र केला. १५८८ मध्ये त्याने शेतकऱ्यांकडून तलवारी काढून घेतल्या आणि १५९२ व १५९७ मध्ये कोरियावर चढाया केल्या. त्या फसल्या, पण परतताना सैन्याने तिथले कुंभार धरून आणले. आज नावाजलेली जपानी चिनीमाती त्यांच्या हातून घडली. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकून तोकुगावा इएयासू पुढे आला आणि १६०३ मध्ये शोगुन झाला. त्याची राजधानी एदो, म्हणजे आजचे टोकियो.

तोकुगावांना ख्रिस्ती प्रजेचा संशय होता. यांची निष्ठा इथल्या मालकाशी की परक्या राजाशी, हा त्यांचा प्रश्न. १६१४ मध्ये धर्मावर देशभर बंदी आली. १६३७-३८ मध्ये शिमाबारा येथे करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले. त्यात ख्रिस्ती पुष्कळ होते. बंड चिरडले गेले आणि १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकलण्यात आले. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिराकडून आपण ख्रिस्ती नसल्याचा दाखला घ्यावा लागे. नागासाकीकडे माणसांना येशूच्या किंवा मेरीच्या चित्रावर पाय ठेवायला लावत. जो कचरला तो पकडला गेला. निष्ठेचा पुरावा कागदाने आणि पायाने देण्याची ही पद्धत दोनशे वर्षांहून अधिक चालली.

जपानींना परदेशी जायला बंदी झाली. परक्या व्यापाराला चार वाटाच मोकळ्या राहिल्या. त्यांतली युरोपची एकमेव वाट म्हणजे नागासाकीच्या बंदरातले देजिमा हे छोटे कृत्रिम बेट. १६४१ पासून तिथे फक्त डच व्यापारी राहत.

या बंद घरात अडीचशे वर्षे शांतता होती. सरदारांना एक वर्षाआड एदोत राहावे लागे आणि त्यांची बायकामुले तिथे ओलीस असत. त्यामुळे रस्ते झाले, खानावळी झाल्या, व्यापार वाढला. अठराव्या शतकात एदोची वस्ती सुमारे दहा लाख होती. गावोगाव 'तेराकोया' नावाच्या खासगी शाळा निघाल्या. लेखन, वाचन आणि हिशेब शिकवायचे, फी म्हणून कुणी पैसे, कुणी धान्य द्यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुलांपैकी सुमारे चाळीस टक्के आणि मुलींपैकी दहा टक्क्यांहून अधिक कुठल्या ना कुठल्या शाळेत जात होत्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९४५ नंतरच्या 'चमत्काराचे' एक मूळ इथे आहे, सरकारी योजनेच्या आधी, गावकऱ्यांच्या खर्चाने चाललेल्या शाळेत.

दुसरे मूळ देजिमाच्या खिडकीत आहे. १७२० मध्ये शोगुन योशिमुने याने धर्माशी संबंध नसलेल्या पाश्चात्त्य पुस्तकांवरची बंदी सैल केली. १७७१ मध्ये सुगिता गेनपाकू आणि माएनो र्योताकू हे वैद्य शरीररचनेचे एक डच पुस्तक घेऊन एदोच्या फाशीच्या माळावर गेले. एका प्रेताचे विच्छेदन पाहायचे होते. पुस्तकातली चित्रे आणि समोरचे शरीर जुळले, आणि शिकलेली चिनी शरीररचना जुळली नाही. सुगिताला डच येत नव्हते, माएनोला जेमतेम येत होते. तरी सोबत्यांसह एकेका शब्दाशी झगडत त्यांनी भाषांतर केले आणि १७७४ मध्ये 'काइताई शिन्शो' प्रसिद्ध झाले.

या प्रसंगातला एक माणूस मला विसरता येत नाही. प्रेत चिरण्याचे काम वैद्यांनी केले नाही. ते केले नव्वद वर्षांच्या एका म्हाताऱ्याने, जो 'एता' या अस्पृश्य मानलेल्या जमातीतला होता. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे, फाशीच्या जागेची कामे करणे हे त्यांच्या वाट्याला आलेले. काळीज कुठे, मूत्रपिंड कुठे, हे त्याने हात घालून दाखवले. एका अवयवाचे नाव त्यालाही ठाऊक नव्हते, पण आजवर चिरलेल्या प्रत्येक शरीरात तो दिसला, असे त्याने सांगितले. देशातल्या नव्या वैद्यकाचा पहिला धडा त्याने दिला, आणि त्याचे नाव मात्र सुगिताच्या आठवणींत आले नाही.

जगाकडे निघालेले लोक

१८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी चार काळी जहाजे घेऊन आला आणि पुढच्या वर्षी तोफांच्या छायेत करार झाला. १८५८ च्या करारांनी जकात ठरवण्याचा आणि परकीयांवर खटले चालवण्याचा हक्क जपानकडून काढून घेतला. शोगुनाची अब्रू गेली. १८६८ मध्ये सात्सुमा आणि चोशू येथल्या तरुण सामुराईंनी सत्ता घेऊन ती सम्राट मेईजीच्या नावाने चालवली. नव्या राजवटीच्या शपथेत एक कलम असे होते की ज्ञान जगभरातून शोधले जाईल.

ते त्यांनी शब्दशः केले. १८७१ ते १८७३ या काळात इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोप पाहत फिरले. निम्मे सरकारच घराबाहेर होते. बरोबर पाच मुली शिकायला पाठवल्या. त्यांतली सर्वांत लहान त्सुदा उमेको सहा वर्षांची होती. तिने १९०० मध्ये स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी शाळा काढली. आरमार ब्रिटनकडून, सैन्याची रचना आधी फ्रान्सकडून आणि मग जर्मनीकडून, राज्यघटनेचा साचा प्रशियाकडून घेतला. १८७२ मध्ये पहिली रेल्वे धावली आणि त्याच वर्षी सार्वत्रिक शिक्षणाचा कायदा झाला. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात नव्वद टक्क्यांहून अधिक मुले-मुली प्राथमिक शाळेच्या पटावर होती.

याची किंमत गरिबांनी मोजली. नवा जमीनकर रोखीत भरायचा होता. शाळेचा खर्च आणि सक्तीची सैन्यभरती अंगावर आली तेव्हा काही भागांत शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या. १८७१ च्या हुकुमाने अस्पृश्यता कायद्याने संपली, पण काही ठिकाणी जमावाने त्यांच्याच वस्त्यांवर हल्ले केले. हुकुमाने मन बदलले नाही म्हणून १९२२ मध्ये त्यांना क्योटोत 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना काढावी लागली.

सूतगिरण्यांना कापूस लागत होता. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांच्या पाठबळाने निप्पॉन युसेन कंपनीची मुंबई-कोबे जहाजे सुरू झाली. त्या व्यापारातून कोबेत हिंदी व्यापाऱ्यांची वसाहत वाढली. १९३५ मध्ये त्यांनी आणि तिथे आश्रय घेतलेल्या तातार मुसलमानांनी मिळून बांधलेली मशीद १९४५ च्या बॉम्बफेकीतून आणि १९९५ च्या भूकंपातूनही वाचली.

१९०५ मध्ये जपानने रशियाला हरवले, तेव्हा कैरोपासून कलकत्त्यापर्यंत आशियाची मान ताठ झाली. भोपाळचे मौलवी बरकतुल्ला १९०९ मध्ये टोकियोत हिंदुस्तानी भाषा शिकवायला गेले आणि तिथून इंग्रजांविरुद्ध पत्र काढू लागले. पण जपान १९०२ पासून ब्रिटनचा दोस्त होता. ब्रिटिशांच्या दबावाखाली पत्र बंद पडले आणि पुढे मौलवींची नोकरीही गेली. १९१० मध्ये तर जपानने कोरिया गिळला. आशियाचा तारणहार म्हणून ज्याच्याकडे पाहिले, तो युरोपकडून वसाहती करायलाही शिकला होता.

प्रश्न विचारणाऱ्यांचे काय झाले

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. १८९० मध्ये शिक्षणाविषयी सम्राटाची राजाज्ञा निघाली. ती शाळाशाळांत वाचली जाई आणि तिच्यासमोर वाकावे लागे. पुढच्याच वर्षी टोकियोतले शिक्षक उचिमुरा कान्झो पुरेसे खाली वाकले नाहीत. ते ख्रिस्ती होते. गदारोळ झाला आणि त्यांची नोकरी गेली. शाळा सगळ्यांना मिळाली होती, पण शाळेत सम्राट आणि देश यांविषयी शंका काढायची सोय उरली नव्हती.

तायशो काळात (१९१२ ते १९२६) थोडी मोकळीक आली. पक्ष, वृत्तपत्रे, कामगार संघटना वाढल्या. १९२५ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला, आणि त्याच वर्षी विचारांवर पहारा ठेवणारा शांतता संरक्षण कायदाही झाला.

त्याआधी, १ सप्टेंबर १९२३ रोजी, टोकियो परिसरात भूकंप होऊन आगीत एक लाखाच्या वर माणसे मेली. काही तासांत अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत. गल्लोगल्ली टोळ्या उभ्या राहिल्या. काही टोळ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला 'पंधरा येन पन्नास सेन' हे जपानीत म्हणायला लावत. कोरियन जिभेला त्यातले उच्चार जड जातात. जो अडखळला तो मारला गेला. हजारो कोरियन असे मारले गेले, आणि चिनीही. मारणारे बहुतेक शाळेत गेलेले होते. ज्यांच्या पूर्वजांनी लिपी आणि लोखंड आणले, ज्यांचे रक्त सम्राटाच्या घराण्यात होते, त्यांची पारख आता एका उच्चारावरून होत होती.

१९३१ मध्ये सैन्याने मांचुरिया घेतला. १९३५ मध्ये घटनातज्ज्ञ मिनोबे तात्सुकिची यांच्या पुस्तकांवर बंदी आली. सम्राट हा राज्याचा एक घटक आहे, एवढेच त्यांनी लिहिले होते. १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध सुरू झाले आणि त्यावर टीका करणाऱ्या यानाइहारा तादाओ यांना टोकियो विद्यापीठ सोडावे लागले. त्याच डिसेंबरात नानजिंगमध्ये जपानी सैन्याने कैद्यांची आणि नागरिकांची भयंकर कत्तल केली, स्त्रियांवर अत्याचार केले. १९४१ मध्ये पर्ल हार्बर झाले. शेवटी विमानासह शत्रूच्या जहाजावर आदळायला पाठवलेल्या पोरांना नाव दिले ते 'कामिकाझे'.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला. वर्षअखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे मेली. त्यांत मजुरीसाठी आणलेले हजारो कोरियनही होते. त्यांचे स्मारक १९७० मध्ये उभारले ते शांतता उद्यानाबाहेर. आत यायला १९९९ उजाडले. ९ ऑगस्टला नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला, उराकामीच्या चर्चपासून अर्ध्या किलोमीटरवर. दोन शतकांहून अधिक काळ लपून श्रद्धा जपलेल्या, १८६५ मध्ये उघड झालेल्या आणि १८७३ नंतर मोकळा श्वास घेतलेल्या ख्रिस्ती लोकांची ही वस्ती. त्यांच्यातले बहुसंख्य तिथेच संपले. तोकुगावांचा संशय त्यांना संपवू शकला नाही, तो अमेरिकेच्या बॉम्बने जवळजवळ संपवला. पाप कुणाच्या एकट्याच्या खात्यावर लिहिता येऊ नये, असा हा इतिहास आहे.

राखेतून उठताना काय बदलले

आता भाषणातल्या त्या वीस वर्षांकडे येऊ. अमेरिकेची मदत आणि कोरियन युद्धातली मागणी यांचा वाटा मोठा होता. पण आत काय बदलले तेही पाहावे. एप्रिल १९४६ च्या निवडणुकीत स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. १९४७ ची राज्यघटना आली, तिने युद्धाचा हक्क सोडला आणि सम्राटाला देव नव्हे, प्रतीक ठरवले. युद्धाआधी जवळपास निम्मी शेती कुळांकडे होती. १९५० पर्यंत कुळांची जमीन दहा टक्क्यांवर आली, बाकीचे स्वतः मालक झाले. ज्या यानाइहारांना विद्यापीठातून घालवले, ते १९५१ मध्ये त्याच विद्यापीठाचे प्रमुख झाले. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिक आणि बुलेट ट्रेन आली. शाळा जुन्याच होत्या, पण त्यांत शंका काढणाऱ्याची जागा थोडी वाढली होती.

ती पुरेशी वाढली नव्हती, हेही खरे. मिनामाता गावात माणसे पाऱ्याच्या विषाने मरत होती. १९५९ मध्ये चिस्सो कारखान्याच्या स्वतःच्याच डॉक्टरने मांजरांवर प्रयोग करून कारण ओळखले. कंपनीने ते दडवले आणि १९६८ पर्यंत विषारी पाणी समुद्रात सोडले. १९९० च्या सुमारास जमीन आणि शेअरच्या किमतींचा फुगा फुटला. २०११ मध्ये भूकंप, सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली. आज लोकसंख्या घटते आहे आणि दर दहांतले जवळपास तीन जण पासष्टीच्या पुढचे आहेत. शेतावर, कारखान्यात, वृद्धाश्रमात परदेशी हात हवे आहेत. बाहेरून येणाऱ्याला आपला मानायचे की नाही, हा कोफुन काळातला प्रश्न २०१९ पासून सुरू झालेल्या रेइवा काळात पुन्हा दारात उभा आहे.

आपल्या मेळाव्यांत जपानचे उदाहरण जरूर द्यावे. तेराकोयाचे द्यावे, कारण सरकारची वाट न पाहता वस्तीने चालवलेली शाळा आपल्यालाही परवडते. सुगिताचे द्यावे, कारण परक्याच्या पुस्तकातून खरे शिकताना त्याचा धर्म बुडाला नाही. पण त्याबरोबर १९२३ चेही द्यावे. साक्षर माणसेही अफवेवर विश्वास ठेवून शेजाऱ्याला मारतात, हे तिथे दिसले. विद्यार्थ्याला पदवी मिळाली की आपण हार घालतो. वर्गात, घरात, मोहल्ल्यात मोठ्यांना न पटणारा प्रश्न विचारल्यावर त्याला काय मिळते, तेही एकदा पाहायला हवे. उचिमुरांना, मिनोबेंना, यानाइहारांना जे मिळाले, त्याचा हिशेब जपानने १९४५ मध्ये चुकता केला.